खांदेरीचा पहारा आणि खांदेरीचा दिवा

छत्रपती संभाजीनगरच्या (औरंगाबादच्या) औरंगपुऱ्यातून सर्वांत जवळचा समुद्र सरळ रेषेत मोजला तरी अडीचशे किलोमीटरांहून लांब पडतो. त्यामुळे आपल्याकडून कोकणात जाणाऱ्या सहलीत दीपगृहाच्या वाट्याला येते ती उरलीसुरली संध्याकाळ. किल्ला पाहून झाला, मासे खाऊन झाले, आता सूर्य बुडायच्या आत वर चढून चार फोटो काढायचे. अलिबागजवळ थळच्या किनाऱ्यासमोर खांदेरी नावाचे बेट आहे, तिथे तर पाहणाऱ्यांचे सरळ दोन तट पडतात. बेटावर १६७९ मध्ये बांधायला घेतलेला शिवाजी महाराजांचा जलदुर्ग आहे आणि त्याच बेटाच्या उंचवट्यावर १८६७ मध्ये उभारलेले दीपगृह आहे. दुर्गप्रेमी तट, बुरूज, तोफा आणि वेताळाचे देऊळ पाहतात व मनोऱ्याला इंग्रजांनी मध्येच घुसवलेली वास्तू समजून पुढे जातात. केवळ दीपगृहाच्या ओढीने आलेल्याला तटबंदी म्हणजे वाटेतले पडके दगड वाटतात. माझ्या मते ही दोन्ही दर्शने अर्धी आहेत. खांदेरीचा पहारा आणि खांदेरीचा दिवा एकाच गरजेतून जन्मले, एकाच भूमितीवर उभे राहिले, आणि एक समजून घेतल्याशिवाय दुसरा नीट कळत नाही. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून ज्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यांत खांदेरी आहे. आता तिथे जाणारे वाढतील. तेव्हा तिथे नेमके काय पाहायचे, हे आत्ताच बोललेले बरे.

सुरुवात भूमितीपासून करू. पृथ्वी गोल असल्यामुळे समुद्रावर नजर कुठवर पोचणार, हे डोळ्याच्या तीक्ष्णतेपेक्षा डोळा किती उंचावर आहे यावर ठरते. उंची मीटरमध्ये घ्यायची, तिचे वर्गमूळ काढायचे आणि त्याला ३.८६ ने गुणायचे. क्षितिज किती किलोमीटरवर आहे ते मिळते. हवेतून येताना प्रकाश किंचित वाकतो, तो वाकही या आकड्यात धरलेला आहे. वाळूत उभ्या राहिलेल्या माणसाचे डोळे पाण्यापासून दीडेक मीटर वर असतात, म्हणून त्याचे क्षितिज पावणेपाच किलोमीटरवर संपते. आता हिशेबाला सोपी म्हणून ४९ मीटर उंची घेऊ. वर्गमूळ ७, म्हणजे क्षितिज २७ किलोमीटरवर गेले. समोरून येणाऱ्या जहाजाच्या डेकवरचा खलाशी पाण्यापासून ९ मीटर उंच असेल, तर त्याचे स्वतःचे क्षितिज साडेअकरा किलोमीटरवर. दोहोंची बेरीज साडेअडतीस. इतक्या अंतरावरून त्या खलाशाला टेकडीवरचा दिवा दिसू लागतो, आणि इतक्याच अंतरावरून टेकडीवरच्या माणसाला तो खलाशी उभा आहे ते जहाज दिसू लागते. दृष्टिरेषा दोन्ही बाजूंनी सारखीच असते. पहारेकऱ्याला जिथवर पाहता येते, तिथवर दिव्याला पोचता येते. दुर्ग बांधणाऱ्यांनी आणि दीपगृह बांधणाऱ्यांनी जवळजवळ दोनशे वर्षांच्या अंतराने एकच खडक निवडला, त्यामागे हे साधे गणित आहे.

उंचीइतकीच महत्त्वाची आहे जागा. खांदेरी मुंबई बंदराच्या तोंडाच्या दक्षिणेला आहे. कोकण किनाऱ्याच्या कडेने वर येणारे जहाज बंदरात शिरण्याआधी या बेटाच्या टापूतून जाते. इथे कोण बसतो यावर मुंबईत कोण येते-जाते हे कळणार, हे शिवाजी महाराजांनी ओळखले होते आणि मुंबईच्या इंग्रजांनीही. १६७२ मध्ये तटबंदीचा पहिला प्रयत्न झाला, तेव्हा इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी या दोघांनीही विरोध केला. ऑगस्ट १६७९ मध्ये महाराजांचा आरमारी सरदार मायनाक भंडारी हा माणसे आणि सामान घेऊन बेटावर उतरला आणि ऐन पावसाळ्यात काम सुरू झाले. इंग्रजांनी नौका पाठवून बेटाची कोंडी केली. सप्टेंबरातल्या पहिल्या झटापटीत त्यांचा एक अधिकारी मारला गेला. १८ ऑक्टोबरला मराठ्यांच्या दौलतखानाच्या आरमाराने हल्ला चढवला. ‘डोव्हर’ नावाची इंग्रज नौका मराठ्यांच्या हाती लागली, ‘रिव्हेंज’ने मात्र निकराने तोंड दिले. पुढे सिद्दीचा ताफाही इंग्रजांना येऊन मिळाला. तरीही बेट हटले नाही. जानेवारी १६८० मध्ये इंग्रज समझोता करून निघून गेले आणि सिद्दीने शेजारच्या उंदेरीवर तट घालून खांदेरीवर तोफा रोखल्या. महाराजांच्या हयातीतला हा अखेरच्या काही महिन्यांतला पराक्रम. त्याचे मोल केवळ एक बेट जिंकण्याइतके नाही. मुंबईसारख्या बंदराच्या उंबऱ्यावर आपली नजर कायमची बसवण्याचा तो निश्चय होता.

त्या लढ्यातली एक गोष्ट सहसा ओझरती सांगितली जाते; ती जरा थांबून पाहण्यासारखी आहे. इंग्रजांच्या मोठ्या नौका बेटाभोवती असताना वर अन्न, दारूगोळा आणि बांधकामाचे सामान पोचत कसे होते? नागावच्या खाडीतून लहान गलबते आणि होड्या रात्रीच्या अंधारात निघत आणि कोंडीतून निसटून बेटाला लागत. इंग्रजी जहाजांचा तळ खोल, त्यांना पाणी भरपूर लागे आणि वारा पडला की ती जागच्या जागी खिळत. मराठी होड्यांचा तळ उथळ, आणि वारा नसला तरी वल्ही होती. पण नुसत्या बांधणीने हे साधत नाही. कोणत्या खडकावर भरतीला किती पाणी असते, ओहोटी कोणत्या बाजूला ओढते, थळ आणि खांदेरीमधून होडी कुठून काढायची, हे कोळी आणि भंडारी नाखव्यांना पाठ होते. ते ज्ञान कुठल्या नकाशावर नव्हते, बापाकडून मुलाकडे आलेले होते. त्यांना दिव्याची गरज नव्हती. उलट अंधार त्यांच्या बाजूने लढत होता.

इथे कोणीही हरकत घेईल, आणि ती योग्यच आहे. दुर्ग जर परक्याच्या अज्ञानावर आणि काळोखावर जगत होता, तर परक्याला वाट दाखवणारा दिवा त्याचा सोबती कसा? तो तर त्याचा उलटा अर्थ झाला. मला वाटते, दोघांना एकत्र पाहण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे. दृष्टिरेषा एकच, तिचा वापर मात्र उलट. दुर्गाने किनाऱ्याचे ज्ञान आपल्या माणसांपुरते राखले. दीपगृहाने तेच ज्ञान कधीही न पाहिलेल्या परक्या तांडेलाच्या हाती दिले. इथे खडक आहे, इथून अमुक अंतर राखा, आता वळा, एवढे सांगायला आधी नाखवा लागत असे. दीपगृह आणि सागरी नकाशा यांनी ते सर्वांसाठी उघडे केले. कोणते ज्ञान राखायचे आणि कोणते वाटायचे, हा प्रश्न प्रत्येक बंदराला पडतो. खांदेरीवर त्याची दोन्ही उत्तरे एकाच टेकाडावर, काही पावलांच्या अंतराने उभी आहेत. असे ठिकाण महाराष्ट्रात सहज सापडणार नाही.

हा प्रश्न समुद्राकाठच्यांचा, आपल्याला त्याचे काय, असे मराठवाड्यातल्या वाचकाला वाटत असेल तर त्याने पैठणकडे पाहावे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या समुद्रव्यापाराच्या वाटाड्या ग्रंथात पैठणचा उल्लेख आहे. भडोचच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर हे शहर असून तिथून अकीक जातीचा दगड गाड्यांवर लादून बंदरात आणला जातो, असे तो लेखक नोंदवतो. आणि त्याच ग्रंथात भडोचच्या खाडीत शिरणे किती जोखमीचे आहे याचे वर्णन आहे: भरती-ओहोटीचा जबरदस्त जोर, उथळ वाळूचे पट्टे, परक्याला न कळणारे नदीचे तोंड. म्हणून राजाच्या चाकरीतले स्थानिक मच्छीमार मोठ्या होड्या घेऊन पार सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत जहाजांना सामोरे जात आणि त्यांना वाट दाखवत, ओढत बंदरात आणत. याच लेखकाने कल्याणबद्दलही लिहिले आहे. राजकीय वैरामुळे तिथे चुकून लागलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात. एक बंदर वाटाड्या पाठवते, दुसऱ्यासमोर पहारा उभा आहे. पैठणच्या बाजारातला भाव या दोन गोष्टींवर हलत असणार. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात सोपाऱ्याच्या पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याच्या कथेतले जहाज रंगवलेले आहे. तो चित्रकार डोंगरात काम करत होता आणि चितारत होता समुद्र. आपले शहर ज्याने १६१० मध्ये खडकी म्हणून वसवले तो मलिक अंबर मूळचा आफ्रिकेतला हबशी. उंदेरीवर तोफा चढवणारा सिद्दी मोगलांच्या चाकरीत होता, आणि त्याचा धनी औरंगजेब १६८२ मध्ये याच शहरात येऊन मुक्कामाला उतरला. समुद्र इथून दिसत नाही, म्हणून तो इथल्या इतिहासात नाही असे होत नाही.

आता इंग्रजांच्या दिव्याकडे येऊ. या बेटाने इंग्रजांना एकदाच नव्हे, वारंवार चकवले. १७१८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने खांदेरीवर मोहीम काढली आणि कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराने ती परतवून लावली. मराठी सत्ता १८१८ मध्ये मावळल्यानंतर बेट इंग्रजांच्या हाती गेले आणि अर्ध्या शतकाने तिथे दीपगृह आले: एका इमारतीच्या माथ्यावरून वर जाणारा, सुमारे २५ मीटर उंचीचा अष्टकोनी दगडी मनोरा. पराभवाच्या जागी आपली खूण उभारण्याचा हा अहंकार होता, अशी टीका होते. तसे मानायला भावनेखेरीज पुरावा दिसत नाही. त्या वर्षांत मुंबईत काय चालले होते ते पाहिले की कारण स्पष्ट होते. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात इंग्लंडच्या गिरण्यांचा कापूस आटला आणि हिंदुस्थानी कापसाला अफाट मागणी आली. आगबोटी वाढल्या. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि युरोपचे अंतर हजारो किलोमीटरांनी कमी झाले. १८७३ मध्ये मुंबई पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला, १८७५ मध्ये ससून गोदी आणि १८८० मध्ये प्रिन्सेस गोदी सुरू झाली. याच ओळीत दिवे लागत गेले: खांदेरी १८६७, कुलाब्याच्या टोकापलीकडचे प्राँग्ज १८७५, बंदराच्या आतला संक रॉक १८८४. वाढलेल्या वाहतुकीसाठी पायरीपायरीने उभी केलेली ही साखळी आहे आणि खांदेरी तिचे दक्षिणेकडचे टोक. ती साम्राज्याच्या व्यापारासाठी होती यात शंका नाही, आणि त्या व्यापाराने शेतकऱ्याला काय दिले याचा हिशेब वेगळा मांडायलाच हवा. १९०० मध्ये मनमाडहून औरंगाबाद, जालन्यापर्यंत रेल्वे आली आणि आपल्याकडचा कापूसही गाठी बांधून त्याच गोदीकडे जाऊ लागला. पण दिवा ज्याच्यासाठी लावला त्याच्यापुरता राहत नाही. जहाजावर निशाण कोणाचे आहे हे पाहून तो पेटत नाही. साहेबाच्या आगबोटीला दिसला तसाच थळच्या मचव्यालाही दिसला.

दुर्गावर दिवा येणे ही खांदेरीचीच गोष्ट असती, तर तिला योगायोग म्हणता आले असते. पण रत्नागिरीच्या रत्नदुर्गावर दीपगृह आहे, देवगडच्या किल्ल्यात १९१५ पासून आहे, कोर्लईच्या किल्ल्याच्या डोंगराला लागून आहे, आणि गोव्यात १६१२ च्या आग्वाद किल्ल्यात पोर्तुगिजांनी १८६४ मध्ये बांधलेले आहे. तीन वेगवेगळ्या सत्तांच्या किल्ल्यांवर हेच घडले. उलट दिशेचे उदाहरण इजिप्तमध्ये सापडते. अलेक्झांड्रियाचे फारोस हे प्राचीन जगातले सर्वांत प्रसिद्ध दीपगृह भूकंपांनी कोसळले आणि त्याच जागी, बरेचसे त्याचेच दगड वापरून, सुलतान कायतबेने १४७७ च्या सुमारास किल्ला बांधायला घेतला. तिथे दिव्याच्या जागी पहारा आला, इथे पहाऱ्याच्या जागी दिवा. अर्थात प्रत्येक जलदुर्गाला हे लागू पडत नाही आणि ते तसे ओढूनताणून लावूही नये. मालवणचा सिंधुदुर्ग खडकांच्या आडोशाला, ठाऊक असलेल्यालाच गाठता येईल अशा जागी आहे. तो आश्रयासाठी आणि आरमाराच्या तळासाठी निवडलेला दुर्ग आहे. टेहळणीसाठी निवडलेल्या दुर्गांवरच पुढे दिवे आले. किनारा फिरताना हा फरक लक्षात ठेवला तर कोणता दुर्ग कशासाठी बांधला, हे त्याच्यावर दिवा आहे की नाही यावरूनही थोडेफार ताडता येते.

दिवा लांब जातो तो मोठ्या ज्योतीमुळे, अशी सर्वसाधारण समजूत असते. खरे काम काचेचे आहे. उघडी ज्योत आपला प्रकाश चहूकडे उधळते. त्यातला बराचसा आकाशात आणि पायाखालच्या खडकावर वाया जातो, क्षितिजाकडे थोडाच जातो. फ्रान्सच्या ओगुस्तँ फ्रेनेलने यावर तोड काढली आणि १८२३ मध्ये जिरोंद नदीच्या मुखाशी असलेल्या कोर्दुआन दीपगृहात त्याचे भिंग बसले. हे भिंग जवळून पाहायला मिळाले तर सोडू नये. मध्यभागी फुगीर काचेचा गोल डोळा, त्याच्याभोवती एकाबाहेर एक काचेच्या कड्या, प्रत्येक कडीचा काप वेगळा. आतल्या कड्या वक्रीभवनाने किरण वळवतात. बाहेरच्या कड्यांना तेवढे वळवणे जमत नाही, म्हणून तिथे लोलक बसवलेले असतात. त्यांत शिरलेला किरण आतल्या आत संपूर्ण परावर्तन होऊन बाहेर पडतो. शेवटी सगळे किरण आडवे, समांतर होऊन समुद्राकडे जातात. एवढे मोठे भिंग अखंड काचेचे केले असते तर वजनाने आणि जाडीनेच निकामी ठरले असते. दिवसा या भिंगाभोवती पडदे ओढून ठेवावे लागत, कारण जे भिंग आतला प्रकाश बाहेर एकवटून फेकते तेच बाहेरचे ऊन आत एकवटून दिव्याची नासधूस करू शकते. इथेही रेषा दोन्ही बाजूंनी चालते.

भिंग फिरवायचे म्हणजे झोत फिरतो आणि लांबच्या माणसाला तो थांबून थांबून चमकल्यासारखा दिसतो. पूर्वी हे घड्याळासारख्या यंत्राने होई: मनोऱ्याच्या पोकळीत टांगलेले वजन हळूहळू खाली उतरे, त्यावर चाके फिरत, आणि रात्रीतून पुन्हा पुन्हा चावी देऊन ते वर चढवण्याचे काम दिवेवाल्यांचे. पुढे जड भिंगे पाऱ्याच्या कुंडात तरंगती ठेवली जाऊ लागली. मग एवढे वजन बोटाच्या धक्क्यानेही हलू लागले. चमक किती सेकंदांनी यावी, एकदा यावी की दोनदोनदा यावी, हे प्रत्येक दीपगृहासाठी ठरवून दिलेले असते आणि शेजारच्या दोघांचे कधी सारखे ठेवत नाहीत. तांडेलाने घड्याळ लावून सेकंद मोजायचे आणि दिव्यांच्या यादीत पाहायचे, की समोर कोणता मनोरा आहे ते कळते. दिवसा हेच काम मनोऱ्याचा आकार आणि रंगाचे पट्टे करतात. आपल्या देशाचे सागरी नकाशे करणारे जलालेखन कार्यालय डेहराडूनला आहे आणि दीपगृहांचे महासंचालनालय नोएडात. समुद्राचे इतके काम समुद्रापासून लांब बसून चालते, तर औरंगपुऱ्यातल्या विद्यार्थ्याने हा विषय आपला नाही म्हणण्याचे कारण नाही.

सर्वांत जोराचा आक्षेप आजचा आहे. प्रत्येक जहाजावर, आता तर मासेमारीच्या होडीवरही, उपग्रहाने जागा सांगणारे जीपीएस आहे. मग हे मनोरे कशाला? जुन्या आठवणी म्हणून ठेवायचे तर ठेवा, पण त्यांचा उपयोग संपला असे कबूल करा. या म्हणण्यात तथ्य आहे, आणि ते टाळून दीपगृहाचे कौतुक करणे खरे होणार नाही. मोठ्या जहाजाचा रोजचा प्रवास आता दिव्यावर चालत नाही. दिवा अपघात टाळतोच असेही नाही. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली रामदास बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली, ती भर सकाळी, पावसाळी तुफानात. तिथे कोणत्याही दीपगृहाचा इलाज नव्हता. पण जीपीएसचा संदेश फार क्षीण असतो, तो जमिनीवरून दाबता येतो आणि खोटाही पाठवता येतो. जून २०१७ मध्ये काळ्या समुद्रातल्या वीसएक जहाजांना त्यांची यंत्रे ती किनाऱ्यावरच्या एका विमानतळावर असल्याचे सांगत होती. अशा वेळी डोळ्यांनी दिसणारी, जागा न सोडणारी, परक्या देशाच्या यंत्रणेवर न विसंबणारी खूण लागते. यंत्राने सांगितलेल्या जागेचा ताळा घ्यायला दुसरे साधन हवे, हा नौकानयनातला जुना नियम आहे, आणि दीपगृह ते साधन आहे. जीपीएसने त्याची पहिली जागा घेतली. दुसरी अजून त्याचीच आहे.

शिवाय दीपगृह आता केवळ दिवा राहिलेले नाही, आणि माझ्या मुद्द्याला याहून मोठा आधार नाही. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईवर हल्ला करणारे समुद्रातून, पळवलेल्या ‘कुबेर’ या मासेमारी नौकेच्या आडून आले. त्यानंतर तटरक्षक दलाने किनाऱ्यावर टेहळणी रडारांची साखळी उभी केली, आणि उंच, मोकळी, आधीच तयार असलेली जागा म्हणून त्यांतली अनेक रडारे दीपगृहांवर आणि त्यांच्या आवारात बसवली. जहाजांनी पाठवलेली आपली ओळख टिपणारी एआयएस उपकरणेही देशभर दीपगृहांवर आहेत. ज्या उंचीवरून दिवा बाहेर जात होता, त्याच उंचीवरून नजर पुन्हा समुद्रावर फिरू लागली. दुर्गाकडून दिव्याकडे गेलेले काम काही अंशी पहाऱ्याकडे परत आले आहे. मायनाक भंडाऱ्याच्या माणसांनी जे ओळखले होते, ते रडार बसवणाऱ्या अभियंत्यांनाही त्याच कारणाने पटले: मुंबईची राखण मुंबईच्या बाहेर, समुद्रातल्या उंच दगडावरून सुरू होते.

हे सगळे खरे असेल तर खांदेरीची आजची व्यवस्था खटकते. किल्ला राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या संरक्षणाखाली आहे, दीपगृह केंद्राच्या दीपगृह खात्याकडे आहे. कारभार दोन ठिकाणी असला तर बिघडत नाही. पण त्यामुळे इतिहासही दोन तुकड्यांत सांगितला जातो. केंद्राने दीपगृह पर्यटनाला जोर दिला आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये आग्वादला पहिला दीपगृह महोत्सव झाला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये पर्यटनासाठी सजवलेली ७५ दीपगृहे देशाला अर्पण करण्यात आली. सोयी वाढल्या हे चांगलेच. पण बाग, उपाहारगृह आणि सेल्फीची जागा म्हणजे दीपगृह समजावून सांगणे नव्हे. एलईडी आणि सौर पट्ट्या आल्यावर जुनी भिंगे, घड्याळयंत्रे आणि दिवे उतरवले जातात. ती भंगारात किंवा दूरच्या गोदामात न जाता, जमेल तिथे त्याच मनोऱ्याच्या पायथ्याशी काचेच्या कपाटात ठेवायला हवीत. वारसास्थळाच्या आराखड्यात दोन्ही खात्यांनी मिळून खांदेरीवर मराठीत एकच फलक लावावा: १६७९ चा वेढा, १७१८ ची मोहीम, १८६७ चा दिवा, आजची यंत्रणा, आणि या सर्वांना जोडणारी ती दृष्टिरेषेची आकृती. एवढे काम फार खर्चाचे नाही.

मराठवाड्यातल्या शाळा-महाविद्यालयांच्या सहली दरवर्षी अलिबागला जातात. त्या नेणाऱ्या शिक्षकांना विनंती आहे की एक संध्याकाळ थळच्या किनाऱ्यावर राखून ठेवावी. बेटावर जाता आले तर उत्तमच. होड्या पावसाळ्यात बंद असतात, निघायची वेळ भरती पाहून ठरते, आणि जाण्याआधी परवानगीची चौकशी करून घ्यावी. नाही जमले तरी काळोख झाल्यावर मुलांना हातात घड्याळ घेऊन चमका मोजायला लावाव्यात, दोन चमकांमधले सेकंद वहीत टिपायला सांगावेत आणि मग वर्गमूळाचे ते गणित वाळूवर करून दाखवावे. गणित, इतिहास आणि भूगोल या तिन्ही विषयांचे धडे त्या एका तासात होतात.